आधी अनडू, मग बाकीचं

सुरुवात एका हरवलेल्या जिन्यापासून झाली.

डूम या राक्षसांशी लढायच्या संगणक-खेळासाठी मी एक लेव्हल, म्हणजे खेळायचा एक टप्पा, रचत होते. अकरा दिवसांचं काम, आणि त्यातले तीन दिवस एकट्या त्या जिन्याचे. खांबाला वळसा घालून वर जाणारा जिना होता. वळसा एकच, कारण डूमच्या नकाशात एका खोलीवर दुसरी खोली येऊच शकत नाही. खेळाडू एका पावलात जास्तीत जास्त २४ एककं चढू शकतो, म्हणून प्रत्येक पायरी मी १६ एककांची धरली होती. वर जाताना डावीकडच्या खिडकीतून मागची खोली दिसायची आणि मघाशी ज्याला चुकवून आलो तो राक्षस तिथे अजून आपल्याला शोधत फिरत असायचा. त्या एका खिडकीसाठी सगळा खटाटोप.

सेव्ह दाबलं. एडिटर, म्हणजे लेव्हल रचायचा प्रोग्रॅम, क्षणभर थबकला आणि बंद पडला. फाइल पाहिली तर आकार शून्य बाइट.

असं का झालं ते कळायला मला पुढे दोन वर्षं लागली. तो एडिटर सेव्ह करताना आधी जुनी फाइल रिकामी करायचा आणि मग तिच्यात नवीन मजकूर लिहायला घ्यायचा. मध्येच कोसळला, की जुनंही गेलं आणि नवंही. उपाय अगदी साधा आहे: नवं सगळं वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं, ते नीट लिहून झालं की मगच तिला जुन्या फाइलचं नाव द्यायचं. पाच-सात ओळींचं काम. त्या पाच-सात ओळी कुणीतरी लिहिल्या नाहीत म्हणून माझा जिना गेला, आणि आज मी जे काम करते त्याचं मूळ शोधायला गेलं तर ते त्या रागात सापडतं. टूल, म्हणजे खेळ रचायची अवजारं, बनवणाऱ्यांना प्रेरणा विचारली की ते बहुधा खेळांवरच्या प्रेमाबद्दल बोलतात. माझ्या बाबतीत प्रेम होतंच, पण उठवून कामाला लावलं ते रागाने.

त्याआधी मी प्रोग्रॅमर नव्हते. चौकटींच्या वहीत भुलभुलैये काढणारी मुलगी होते. शाळेत मागच्या बाकावर बसून मी काढायचे आणि शेजारणीने पेन्सिलीने सोडवायचं. ती कुठे अडते, कुठे मागे फिरते, कुठे उगाच खूश होते, हे बघण्यात मला भुलभुलैया काढण्यापेक्षा जास्त मजा यायची. संगणकावरचा एडिटर हातात आला तेव्हा वाटलं, ही तीच वही आहे, फक्त आता आत शिरता येतं.

डूम आला डिसेंबर १९९३ मध्ये. माझ्या हाती लागला तेव्हा तो बराच जुना झाला होता आणि माझ्या ते पथ्यावरच पडलं, कारण तोवर त्याचं पोट फाडून आतली प्रत्येक गोष्ट लोकांनी लिहून ठेवली होती. त्याच कंपनीच्या आधीच्या वुल्फेन्स्टाइन थ्रीडी या खेळात खेळाडू मूळ फाइलींवरच स्वतःचे बदल लिहायचे. ते पाहून कंपनीचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅकने डूममध्ये खेळाचा सगळा माल प्रोग्रॅमपासून वेगळा, वॅड नावाच्या फाइलीत ठेवला. खेळाडूने आपली वेगळी वॅड जोडली की मूळ मालाला धक्का न लावता लेव्हल बदलते. दार असं उघडं ठेवलं होतं, पण आत जायला लागणारं अवजार कंपनीने दिलं नव्हतं. तिचा स्वतःचा एडिटर नेक्स्टस्टेप या प्रणालीवर चालायचा, जी सामान्य खेळाडूच्या घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. जानेवारी १९९४ मध्ये, म्हणजे खेळ येऊन दोन महिने व्हायच्या आत, ब्रेंडन वायबर आणि राफाएल किने यांचा डीईयू हा एडिटर आला, तोही सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरासकट. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. मला त्या दोघांबद्दल फार माहिती नाही, पण ती घाई मी ओळखते.

तर मी ठरवलं, स्वतःचा एडिटर लिहायचा. सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची तोंडओळख होती, बाकी सगळा आनंद.

वॅड वाचायला सोपी आहे, आणि सुरुवात करणाऱ्याला याहून चांगला गुरू मिळणार नाही असं माझं मत आहे. पहिल्या १२ बाइटांत चार अक्षरांची खूण, आत किती तुकडे आहेत तो आकडा, आणि त्यांची यादी फाइलीत कुठे आहे तो पत्ता. यादीतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची: तुकडा कुठे, केवढा, नाव काय. लेव्हल म्हणजे असे काही तुकडे ओळीने. बिंदू ४ बाइटांचा, रेषा १४ बाइटांची. बिंदू म्हणजे एक्स आणि वाय. रेषा म्हणजे कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत, उजव्या बाजूला काय, डाव्या बाजूला काय. बाजू सांगते की भिंतीवर चित्र कुठलं आणि ती कुठल्या सेक्टरची. सेक्टर म्हणजे जमिनीचा तो तुकडा, ज्याला एक फरशीची उंची, एक छताची उंची आणि एक उजेड. बस. एवढ्यावर सगळं जग उभं.

फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडून आकडे पाहिले, कागदावर बिंदू मांडले आणि पेन्सिलीने रेषा जोडल्या. पहिल्या लेव्हलची पहिली खोली कागदावर उमटली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. घरात कुणाला उठवून सांगावं असं ते नव्हतं. तरी उठवलं. ऐकून घेणाऱ्याने कूस बदलली.

मग तेच प्रोग्रॅमकडून करून घ्यायला बसले आणि प्रोग्रॅम पहिल्याच भिंतीला आपटला. भिंतीच्या पलीकडे काही नसेल, तर रेषेच्या डाव्या बाजूच्या जागी ‘नाही’ अशा अर्थाने उणे एक लिहिलेलं असतं. मी तो आकडा बिनचिन्हाचा म्हणून वाचत होते, आणि दोन बाइटांत बिनचिन्हाचा उणे एक म्हणजे ६५५३५. माझा प्रोग्रॅम पासष्ट हजार पाचशे पस्तिसावी बाजू शोधायला निघायचा आणि वाटेतच मरायचा. दोन दिवस गेले. ती चूक पुन्हा कधी केली नाही असं मात्र म्हणत नाही.

पुढचे चार महिने एका प्रश्नात गेले, आणि तो सांगितल्याशिवाय या कामात मन का अडकतं ते कळणार नाही. माणसाने नकाशावर एका मोकळ्या जागी क्लिक केलं आणि म्हटलं, ‘इथे सेक्टर कर.’ माणसाला दिसतं की ही खोली आहे. एडिटरला दिसतात सुट्या रेषा. मग खोली शोधायची कशी? क्लिक केलेल्या जागेपासून उजवीकडे एक किरण सोडायचा, तो ज्या रेषेला पहिल्यांदा लागेल ती धरायची आणि भिंतीला हात लावून अंधारात चालावं तसं चालत राहायचं. प्रत्येक बिंदूवर जितके फाटे फुटतात त्यांतला सर्वांत आतला, म्हणजे लहानात लहान कोन करणारा फाटा घ्यायचा. निघालो तिथे परत आलो की खोली बंद झाली.

हे मी लिहिलं, चाललं, आणि दोन दिवस मी हवेत होते. मग खोलीच्या मध्ये एक खांब टाकला. किरण भिंतीपर्यंत जायच्या आधी खांबालाच लागला आणि माझा एडिटर इमानेइतबारे खांबाला बाहेरून प्रदक्षिणा घालून आला. म्हणाला, सापडली खोली!

उत्तर शाळेच्या भूमितीच्या जवळचंच निघालं. बहुभुजाकृतीच्या शिरोबिंदूंचे एक्स-वाय तिरके गुणून बेरीज-वजाबाकी केली की दुप्पट क्षेत्रफळ येतं, आणि त्याचं चिन्ह सांगतं की आपण घड्याळाच्या दिशेने फिरलो की उलट. चिन्ह उलटं आलं तर समजायचं, आपण आतून नाही, बाहेरून फिरलोय. हा खांब आहे. मग त्या खांबाच्या सर्वांत उजव्या बिंदूपासून पुन्हा किरण सोडायचा, पुढची रेषा धरायची, पुन्हा चालायचं. क्षेत्रफळाला उणे चिन्ह येऊ शकतं हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी तिथेही मागच्या बाकावर नसते.

त्यानंतरही खोल्या गळत राहिल्या. दोन बिंदू एकाच जागी बसलेले असले, की त्यांच्यामधली रेषा शून्य लांबीची. तिला दिशाच नाही, मग कोन काढणार कशाचा? असले प्रकार निस्तरताना नाकी नऊ आले. नकाशाचं बायनरी विभाजन करून भिंती कुठल्या क्रमाने रेखाटायच्या ते खेळाला सांगणारी झाडाकृती रचना बनवायचं काम मी स्वतः केलंच नाही. त्यासाठी लोकांनी लिहिलेले चांगले प्रोग्रॅम होते, माझा एडिटर सेव्ह करताना त्यांतला एक बोलवायचा. सगळंच स्वतः लिहायची हौस प्रत्येकाला एका वयात असते. माझी सेक्टर शोधण्यात फिटली होती.

अनडूची गोष्ट वेगळी. जिना गेल्यापासून मी ठरवूनच टाकलं होतं की माझ्या एडिटरमध्ये चूक परत घेता आली पाहिजे, कितीही मागे. पहिल्या आवृत्तीत मी सोपा मार्ग घेतला: प्रत्येक कृतीआधी आख्ख्या नकाशाची प्रत मेमरीत ठेवायची. लहान नकाशात ते चाललं, मोठ्या नकाशात मेमरी भरली. मग फक्त बदल नोंदवायचे ठरवलं: रेषा पुसली, तर ‘ही रेषा पुसली’ अशी नोंद आणि मागे जाताना ती परत आणायची. इथे वॅडच्या त्या सुंदर साधेपणाने मला गाडलं. फाइलीत सगळे संबंध क्रमांकाने असतात. रेषा म्हणते, माझा बिंदू क्रमांक ५७. तुम्ही ४० नंबरचा बिंदू पुसला, की त्यानंतरचे सगळे एकेक पायरी खाली सरकतात आणि आता ५७ म्हणजे भलताच बिंदू. मी पुसलेली रेषा परत आणत होते खरी, पण तिचे पाय दुसऱ्याच्याच घरात पडत होते. दहा वेळा मागे गेलं की नकाशा उसवलेल्या स्वेटरसारखा दिसायचा.

शेवटी सगळं पाडून नव्याने बांधलं. एडिटर चालू असताना प्रत्येक बिंदूला आणि रेषेला जन्मभराचा एक ओळख क्रमांक, तो कधी बदलत नाही आणि मेल्यावरही दुसऱ्याला मिळत नाही. फाइलीतले क्रमांक फक्त सेव्ह करतानाच्या क्षणी वाटायचे. तेव्हापासून नवीन टूल सुरू करताना मी पहिल्या आठवड्यात अनडू लिहिते, खिडकी आणि बटणं नंतर. नंतर घालू म्हटलं, की ते कधीच नीट बसत नाही. घर बांधून झाल्यावर पाया भरायला घेतल्यासारखं होतं.

एडिटर लोकांना दिला. फुकट, सोर्ससकट. वापरणारे थोडेच होते, पण त्यांच्यातल्या एकाच्या पत्राने मला या कामाबद्दल जे शिकवलं ते मी कुठे शिकले नसते. ‘तुमच्या एडिटरने माझा पूल खाल्ला,’ एवढंच पत्राचं पहिलं वाक्य.

झालं असं होतं. मी मोठ्या उत्साहाने चुका शोधणारी सोय घातली होती. रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच सेक्टर असेल, तर माझ्या मते ती चूक. सीमाच नाही तर रेषा कशाला? आणि मी नुसती दाखवून थांबले नव्हते. सेव्ह करताना माझा एडिटर ती गुपचूप ‘दुरुस्त’ करायचा. पण डूमचे नकाशे रचणारे ही गोष्ट मुद्दाम करतात. दोन्ही बाजूंना एकच सेक्टर लिहिला, की चित्र काढणारा भाग त्या रेषेला सीमा मानत नाही आणि तिथे काहीच रेखाटत नाही. पण खेळाडूचा पाय कुठे टेकेल हे ठरवणारा भाग त्या सेक्टरचीच उंची धरतो. डोळ्यांना एक जमीन, पायांना दुसरी. त्यातून न दिसणारे पूल करता येतात, आत बुडता येईल असं खोल पाणी करता येतं, जे खेळ बनवणाऱ्यांनी खेळात दिलेलंच नव्हतं. पत्र लिहिणाऱ्याने असा अदृश्य पूल केला होता. माझ्या एडिटरने चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. तीही न सांगता.

मी उलट लिहिलं की ही तर इंजिनमधली, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली, पळवाट आहे, फॉरमॅटमध्ये ही चूकच धरली पाहिजे. आज ते पत्र वाचताना कान गरम होतात. त्यांचं उत्तर सभ्य होतं: ‘मान्य. पण पूल माझा होता.’

गुपचूप दुरुस्ती मी त्याच रात्री काढली. चूक दाखवायची ठेवली, पण तिच्याशेजारी ‘हे मुद्दाम आहे’ असं बटण दिलं; एकदा दाबलं की त्या रेषेबद्दल एडिटर पुन्हा तोंड उघडत नाही. माझा जिना खाणाऱ्या एडिटरवर मी इतकी वर्षं दात खाऊन होते, आणि मीही त्याच पंगतीत जाऊन बसले होते. त्याने निदान अपघाताने खाल्ला होता, मी तर नियमाने.

खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी या एडिटरमुळेच लागली. मुलाखतीत विचारलं, ‘गेमप्ले सोडून टूल्स का? तिकडे नाव होत नाही.’ मी वर्ल्डक्राफ्टचं उदाहरण दिलं. बेन मॉरिसने १९९६ मध्ये क्वेक या खेळासाठी एकट्याने लिहिलेला एडिटर. पुढे व्हॉल्व या खेळ बनवणाऱ्या कंपनीने तो घेतला, त्यालाही नोकरीवर घेतलं, आणि १९९८ मध्ये आलेल्या तिच्या हाफ-लाइफ या खेळाच्या लेव्हल त्याच एडिटरमध्ये रचल्या गेल्या. नंतर त्याचं नाव हॅमर झालं. हाफ-लाइफमधल्या जागा लाखो लोकांना आठवतात, मॉरिसचं नाव फार थोड्यांना, आणि मला हे वाटप अन्यायाचं वाटत नाही. मुलाखत घेणाऱ्यांना ते पटलं की नाही ठाऊक नाही. त्यांची टूल्सची जागा वर्षभर रिकामी होती एवढं मात्र खरं.

पहिल्या महिन्यात मी कोडला हात लावला नाही. लेव्हल डिझायनरांच्या मागे खुर्ची टाकून बसले. आधीच सांगून ठेवलं होतं की मी बोलणार नाही, तुम्ही काम करा. सोपं नव्हतं. समोरचा माणूस जी गोष्ट बारा क्लिकमध्ये करतोय तिला शॉर्टकट आहे हे माहीत असताना गप्प बसायला संयम लागतो, पण सांगितलं की तो शिकतो आणि आपण शिकायचे राहतो. बारा क्लिक म्हणजे शॉर्टकट कुणाला सापडत नाही, हीच खरी माहिती.

एका डिझायनरचा डावा हात मी तासभर बघत होते. एक भिंत हलवली, कंट्रोल-एस. एक दिवा ठेवला, कंट्रोल-एस. काहीच न करता नुसता विचार करत बसला, तरी कंट्रोल-एस. मी खुणा करत गेले: तासाभरात एकशे बारा वेळा. आणि प्रत्येक सेव्हला चार सेकंद सगळं गोठायचं. दोन दिवसांनी न राहवून विचारलं.

‘इतक्या वेळा का रे?’

‘इतक्या वेळा?’ त्याला पत्ताच नव्हता. मग थोडा थांबून म्हणाला, ‘मागे एकदा आख्खा गुहेचा भाग गेला होता. चार-पाच वर्षं झाली असतील.’

मी त्याला जिन्याबद्दल सांगितलं. त्याने फक्त विचारलं, पायऱ्या किती होत्या. चौदा, म्हटलं. त्याने मान हलवली, जशी फक्त जाणणारा हलवतो.

त्यानंतरचं जवळजवळ पाऊण वर्ष त्या हातासाठी गेलं, असं म्हटलं तरी चालेल. वरिष्ठांना हवी होती नवीन उजेडाची सोय, जी दाखवायला छान दिसते. मी आधी प्रत्येक कृती घडताक्षणी डिस्कवर उतरवणारी नोंदवही लिहिली. एडिटर कोसळला तरी पुन्हा उघडल्यावर ती नोंदवही वाचून शेवटच्या माऊस-हालचालीपर्यंत नकाशा परत उभा राहतो. सेव्ह मागच्या मागे होऊ लागलं, गोठणं थांबलं. अनडू एडिटर बंद करून उघडल्यावरही चालू लागलं. काल केलेली चूक आज परत घेता येते. बैठकीत दाखवायला यातलं काहीच नव्हतं. मी मुद्दाम एडिटर कोसळवला आणि परत उघडला. ‘हे काय, आहे तसंच तर आहे,’ कुणीतरी म्हणालं. होय, तेच दाखवत होते.

माझा स्वतःचा जिना विचाराल तर तो दोनदा नव्याने रचायला घेतला. एकदा तिसऱ्या पायरीपर्यंत आणि एकदा सहाव्या पायरीपर्यंत पोचले. दोन्ही वेळा एडिटरमध्येच काहीतरी खटकलं, कोड उघडला, आणि रात्र तिकडेच गेली. लेव्हल रचणारे लोक वेगळ्याच मातीचे असतात, हे आता मी मान्य केलं आहे. मला त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसायला आवडतं. ते कुठे अडतात, कुठे मागे फिरतात, कुठे उगाच खूश होतात ते बघायला.

ते सगळं काम झाल्यावर सहा महिन्यांनी त्या डिझायनरच्या मागे मी परत बसले. तासाला एकशे बाराचे चाळीसवर आले होते. कंपनीत मग प्रश्न निघाला की आता सेव्हचं बटण आणि कंट्रोल-एस काढूनच का टाकू नये, ते आता काहीच करत नाहीत. मी नको म्हटलं. अजून ते आहेत. दाबलं की खाली कोपऱ्यात एक बारीक ओळ उमटते, ‘सेव्ह झालं’, आणि दोन सेकंदांनी विरून जाते.